कोरड्या डोळ्यांवर उपाय म्हणून चक्क काँटॅक्ट लेन्स? (स्क्लेरल लेन्स वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत)

रुक्षकन्या
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तीन वर्षं झाली, सकाळी जाग आली की पापणी बुबुळाला चिकटलेली असते आणि ती सोडवताना चर्रकन काहीतरी सोलल्यासारखं होतं. दिवसभर वाळू गेल्यासारखं खुपत राहतं. आधी वाटलं नंबर वाढला असेल, दोनदा चष्मा बदलला, मग ॲलर्जी समजून त्याचे ड्रॉप्स झाले. शेवटी एका डॉक्टरांनी ती कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ५ मिनिटं डोळे मिटून बसवलं. पट्टी किमान १० मिमी तरी भिजायला हवी म्हणे, माझी उजवीकडे २ आणि डावीकडे ३ मिमी. मग रक्ततपासण्या, ओठाच्या आतून छोटा तुकडा काढून बायोप्सी, आणि निदान झालं शोग्रेन्स. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळ बनवणाऱ्या ग्रंथींवर उलटते. मैत्रिणीबरोबर बसून मनसोक्त रडायची वेळ आली तेव्हा ती रडत होती आणि मी नुसतं नाक ओढत होते. मला मगरीचे अश्रूसुद्धा येत नाहीत :)

आतापर्यंत केलेलं: प्रिझर्वेटिव्ह नसलेले ड्रॉप्स (अर्ध्या अर्ध्या तासाने), रात्री मलम, गरम शेक, सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स वर्षभर, खालच्या दोन्ही अश्रूछिद्रांत प्लग (आहेत ते अश्रू वाहून जाऊ नयेत म्हणून). थोडा फरक पडतो आणि परत येरे माझ्या मागल्या. आता बुबुळावर बारीक धाग्यासारखं काहीतरी तयार होतंय (फिलामेंट्स म्हणतात), ते चिमट्याने काढून टाकतात, आठवड्यात परत हजर.

तर आता डॉक्टर म्हणतायत स्क्लेरल लेन्स लावून बघू. मी कॉलेजात सॉफ्ट लेन्स वापरायचे आणि त्या डोळे कोरडे पडतात म्हणूनच सोडल्या होत्या! मग आता लेन्सनेच कोरडेपणा कसा जाणार? कोणी वापरल्यात का? घालताना दुखतं का? खरं खरं सांगा.

उंटावरचा_शहाणा
ताई, आगीतून फुफाट्यात जाऊ नका. ज्या डोळ्यात पापणी सहन होत नाही त्यात प्लास्टिकचा तुकडा कसा सहन होणार? माझ्या बायकोला लेन्सनेच ड्राय आय झालं, लेन्स बंद केल्या, चार महिन्यांत डोळे ठणठणीत. भरपूर पाणी प्या, स्क्रीन कमी करा, झोप घ्या. हल्ली प्रत्येक गोष्टीला काहीतरी यंत्र लावायचं खूळ निघालंय.

अर्धोन्मीलित
@उंटावरचा शहाणा, पट्टी २ मिमी आलीय त्यांची. पाणी पिऊन भरून येणारं प्रकरण नाहीये हो हे.

भिंगरी
लिहायचा कंटाळा करत होते पण शहाण्यांचा प्रतिसाद वाचून राहवेना. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, बरीच वर्षं लेन्स फिटिंगच करतेय. जरा लांबण लागेल.

शहाणे जे म्हणतायत ते सॉफ्ट लेन्सबाबत खरंच आहे. आपल्या डोळ्यावर अश्रूंचा जो थर असतो तो जेमतेम ३ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन. एवढ्याशा थरात सॉफ्ट लेन्स जाऊन बसली की त्याचे दोन भाग होतात, एक लेन्सच्या वर आणि एक खाली. वरचा थर पातळ, तो भराभर उडतो, मग लेन्स कोरडी पडते आणि पापणी तिच्यावर घासत राहते. ज्याच्या डोळ्यात मुळातच ओल कमी त्याचे हाल होणारच. रुक्षकन्या ताईंच्या कॉलेजातल्या लेन्सचं हेच झालं असणार.

स्क्लेरल लेन्सचं काम पूर्ण वेगळं. ती कडक असते, ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या मटेरियलची, आणि आकाराने मोठी. बुबुळ साधारण साडेअकरा-बारा मिमीचं असतं, सॉफ्ट लेन्स १४ च्या आसपास, स्क्लेरल १५ पासून पार २०-२२ मिमीपर्यंत. ती बुबुळाला टेकतच नाही. तिची कड बाहेर पांढऱ्या भागावर बसते आणि मधला भाग बुबुळावरून कमानीसारखा उचललेला राहतो. पांढऱ्या भागाला बुबुळाइतकी संवेदना नसते म्हणून एवढी मोठी लेन्स असूनही टोचत नाही. आणि मुख्य मुद्दा असा की घालण्याआधी ती सलाइनने काठोकाठ भरतात, तशीच भरलेली डोळ्याला लावतात, त्यामुळे लेन्स आणि बुबुळ यांच्यामध्ये पाण्याचं एक छोटं तळं अडकून राहतं. ते २०० मायक्रॉन जरी धरलं तरी नेहमीच्या अश्रूंच्या थराच्या साठ-सत्तर पट झालं! दिवसभर बुबुळ त्या तळ्यात बुडालेलं. वारा लागत नाही, एसी लागत नाही, पापणी घासत नाही.

पण ताई, एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की करा. लेन्सने ग्रंथी परत अश्रू बनवायला लागत नाहीत. लेन्स काढली की डोळा तोच. त्यामुळे ड्रॉप्स, शेक, शोग्रेन्सची औषधं जे काय चालू आहे ते चालूच राहणार. बरेच पेशंट लेन्स मिळाली की बाकी सगळं बंद करतात आणि सहा महिन्यांनी पापण्यांची वाट लावून परत येतात.

उंटावरचा_शहाणा
ओके. बुबुळाला टेकत नाही हे माहीत नव्हतं. माघार घेतो. (पाणी मात्र प्याच.)

दिवाभीत
भिंगरी ताई, मग बँडेज लेन्स म्हणतात ती हीच का? माझ्या वडिलांना चेहऱ्याचा लकवा झाला होता, डावी पापणी पूर्ण मिटायचीच नाही, रात्री डोळा अर्धा उघडा. बुबुळ सुकून जखम झाली तेव्हा एक लेन्स घातली होती पण ती तर मऊ आणि पातळ होती. डॉक्टरांनीच घातली, आठवड्याने त्यांनीच काढली, बाबांनी हातसुद्धा लावला नाही.

भिंगरी
नाही, ती वेगळी. ती सॉफ्टच, बहुतेक सिलिकॉन हायड्रोजेलची, ऑक्सिजन भरपूर जातो म्हणून दिवसरात्र डोळ्यात ठेवता येते. काम नावाप्रमाणे, जखमेवर पट्टी. खाली नवी त्वचा धरेपर्यंत पापणीचा रगडा लागू द्यायचा नाही. फिलामेंट्ससाठीही वापरतात. पण कोरड्या डोळ्यात रात्रंदिवस सॉफ्ट लेन्स ठेवणं म्हणजे इन्फेक्शनला दार किलकिलं ठेवणं, म्हणून सोबत बऱ्याचदा अँटिबायोटिक ड्रॉप्स देतात आणि मुदत संपली की काढतात. थोड्या दिवसांची सोय आहे ती. स्क्लेरल रोज सकाळी घालायची, रात्री काढायची, वर्षानुवर्षं.

दिवाभीत
समजलं. बाबांना मुदतीच्या दोन दिवस आधीच डोळा लाल झाला होता आणि आम्ही "दोन दिवसांनी जायचंच आहे" म्हणून थांबलो होतो. बुबुळावर पांढरा ठिपका पडला त्याचा, अजून आहे. लाल झाला की त्याच दिवशी दाखवा एवढं सगळ्यांना सांगतो.

नीरक्षीर
अवांतर आहे पण राहवत नाही. हे खूळ "हल्ली" निघालेलं नाही बरं का शहाणे बुवा. काँटॅक्ट लेन्सचा जन्मच मुळात स्क्लेरल म्हणून झाला. १८८७ साली जर्मनीत वीसबाडेनला म्युलर नावाचे काचेचे कृत्रिम डोळे बनवणारे कारागीर होते, त्यांनी एका माणसासाठी फुंकून पातळ काचेची वाटी बनवली. त्याची पापणी कॅन्सरने गेली होती आणि उघडं बुबुळ सुकून डोळा जायची वेळ आली होती. म्हणजे नंबरासाठी नव्हेच, कोरडेपणापासून वाचवायलाच! त्याने ती वीसेक वर्षं वापरली असं सांगतात. पुढच्याच वर्षी आडोल्फ फिक नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने झुरिकमध्ये काचेच्या लेन्सवरचा लेख छापला, त्याने आधी सशांवर आणि मग स्वतःवर प्रयोग केले होते, आत द्राक्षशर्करेचं द्रावण भरून. आणि आणखी एक म्युलर, ऑगस्ट, हा विद्यार्थी, स्वतःला दांडगा मायनस नंबर, त्याने १८८९ मध्ये स्वतःसाठी बनवली पण अर्ध्या तासाच्या वर त्याला सोसवेना.

काच ऑक्सिजन सोडत नाही ही खरी अडचण होती. मग प्लास्टिक आलं, तेही ऑक्सिजन न सोडणारं, मग लेन्स लहान झाल्या, मग १९६१ मध्ये विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने चेकोस्लोव्हाकियात पोराच्या जोडणीच्या खेळण्यातून यंत्र बनवून सॉफ्ट लेन्स काढली आणि लोक या मोठ्या लेन्सना विसरूनच गेले. १९८० नंतर ऑक्सिजन सोडणाऱ्या कडक मटेरियलच्या स्क्लेरल यायला लागल्या तेव्हा जुनी कल्पना परत उभी राहिली. शंभर वर्षं नुसती मटेरियलची वाट बघत होती बिचारी.

अर्धोन्मीलित
मस्त माहिती नीरक्षीर. वेगळा लेख लिहा की यावर.

चष्मिष्ट
आता जरा नकारात्मक सूर लावतो, माफ करा. मी घेतल्या होत्या, सात महिने वापरल्या आणि आता डबीत पडून आहेत.

माझा कोरडेपणा शोग्रेन्सवाला नाही, पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या, मायबोमियन म्हणतात त्या. पट्टी माझी व्यवस्थित भिजते पण अश्रूंवर तेलाचा थरच नाही त्यामुळे दोन-तीन सेकंदांत थर फाटतो (दहा सेकंद तरी टिकायला हवा). लेन्स घातल्यावर पहिले दोन तास स्वर्ग. खरंच सांगतो, पहिल्या दिवशी गाडीत बसून नुसता खिडकीबाहेर बघत होतो, वारा तोंडावर घेत. पण अकरा वाजले की धुकं. आंघोळ करून बाहेर आल्यावर आरसा जसा दिसतो तसं जग. लेन्सखालच्या त्या तळ्यात चिकट कचरा जमा होतो, मग काढा, धुवा, परत भरा, परत घाला. ऑफिसच्या बाथरूममध्ये दिवसातून तीनदा हा सोहळा. दुपारच्या मीटिंगला प्रेझेंटेशन कोण करतंय ते आवाजावरून ओळखायचो.

लेन्सवाल्याने दोनदा बदलून दिली, काही उपयोग झाला नाही, आणि नंतर तो फोन उचलेना. सोडून दिलं.

भिंगरी
@चष्मिष्ट, याला मिडडे फॉगिंगच म्हणतात, खूप जणांना होतं. तेलाच्या ग्रंथी बिघडलेल्या असतील तर जास्तच. दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, लेन्सची कड कुठे सैल आहे का, कारण डोळ्याचा पांढरा भाग गोल गरगरीत नसतो, नाकाकडची बाजू आणि बाहेरची बाजू वेगवेगळ्या उताराची असते, आणि कड गोल ठेवली की एका बाजूने फट राहते आणि तिथून कचरा आत ओढला जातो. कड वेगवेगळ्या उताराची बनवता येते. दुसरं म्हणजे मधलं तळं गरजेपेक्षा खोल असेल तर ते कमी करून बघतात. आणि तिसरं (दोन म्हटलं होतं, असू दे) पापण्यांचा इलाज. तुम्ही शेक आणि पापण्यांची स्वच्छता करत होता का तेव्हा?

चष्मिष्ट
...नाही. लेन्स आली म्हणून बंद केलं होतं. तुम्ही वर लिहिलेला पेशंट मीच :(

रुक्षकन्या
सगळ्यांचे खूप खूप आभार. इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. काल ट्रायलला जाऊन आले, लगेच लिहितेय म्हणजे विसरायला नको.

एका पेटीत भरपूर ट्रायल लेन्सेस होत्या, त्यातली एक काढून त्यात सलाइन आणि ते हिरवट-पिवळं रंगद्रव्य भरलं. लेन्स बघून पोटात गोळा आला, अहो वाटी आहे ती वाटी! मला मान खाली घालायला सांगितली, नाक जमिनीकडे, एकीने वरची पापणी धरली, मी खालची, आणि खालून ती लेन्स वर आली. गार पाणी लागलं, थोडं ओघळून गालावर आलं आणि... बस. टोचलं नाही. मी विचारलं गेली का आत? त्या हसल्या.

दोन-तीन मिनिटं बसले असेन आणि मग माझ्या लक्षात आलं की खुपत नाहीये. तीन वर्षांत पहिल्यांदा मला माझे डोळे जाणवत नव्हते. बाकी कसं सांगू कळत नाही. माझ्या बरोबर नवरा आला होता, त्याला वाटलं दुखतंय म्हणून मी गप्प बसलेय.

मग मशीनवर बघून मधली खोली मोजली, तासभर बसवून ठेवलं आणि परत मोजली कारण लेन्स हळूहळू खाली बसते म्हणे. डाव्या डोळ्यात कडेजवळच्या रक्तवाहिन्या दाबून पांढऱ्या पडल्या होत्या म्हणून ती नापास, तिथे कड उचलून बनवणार आहेत. अजून एकदोनदा बदलावी लागेल हे आधीच सांगितलंय.

एक शंका: रात्रीसुद्धा ठेवली तर? मला सकाळच्या त्या चिकटण्याचीच जास्त भीती आहे.

भिंगरी
छान बातमी! रात्री नाही, अजिबात नाही. डोळे मिटल्यावर बुबुळाला ऑक्सिजन आधीच कमी मिळतो, त्यात जाड लेन्स आणि मध्ये पाणी, सकाळी बुबुळ सुजून धुरकट दिसेल. फार क्वचित, डोळ्याची जखम भरतच नसेल तेव्हा डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली ठेवतात, तो भाग वेगळा. रात्री तुमचं मलमच, हवं तर वरून ओलावा धरणारा गॉगल.

रुक्षकन्या
(पाच आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. लेन्सेस आल्या!! आणि मी हरले.

ट्रायलला दुसरी माणसं घालत होती ना, आता आपल्याच हाताने. पहिल्या दिवशी एक तास दहा मिनिटं. लेन्स त्या छोट्या रबरी प्लंजरवर ठेवायची, भरायची, मान खाली, दोन्ही पापण्या ताणायच्या आणि सरळ वर आणायची. मी शेवटच्या क्षणाला डोळा मिटते. मग सलाइन सांडतं. परत भरा. गेली एकदाची तर आत बुडबुडा! बुडबुडा असला की कळतंच, मधोमध एक चकती हलताना दिसते आणि तेवढा भाग लगेच कोरडा पडून खुपायला लागतो. काढा परत. एकदा तर लेन्स प्लंजरवरून सटकून बेसिनमध्ये आणि गरगरत भोकाच्या काठाशी जाऊन थांबली, माझं काळीजही तिथेच थांबलं. नवरा म्हणाला राहू दे आज, तर त्याच्यावरच खेकसले. संध्याकाळी काढताना दुसरी भीती, प्लंजर चिकटवला मधोमध आणि ओढतेय, लेन्स येतच नाही, डोळाच बाहेर येतो की काय असं वाटलं.

आज सहावा दिवस. सकाळी २५ मिनिटं लागली. कोणी काही युक्ती सांगेल का?

सुलोचनाकाकू
बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची असेन, गेली सहा वर्षं वापरतेय, हात थोडे थरथरतात तरी घालते. माझं ऐक. टेबलावर आडवा आरसा ठेव आणि त्याच्यावर वाकून घाल, उभ्या आरशात बघून नाही जमायचं. वाकायचं म्हणजे हनुवटी छातीला लागेपर्यंत, चेहरा जमिनीला अगदी समांतर, आपण अर्धवट वाकतो म्हणून पाणी एका बाजूने सांडतं आणि बुडबुडा शिरतो. लेन्स अशी भर की वर पाण्याचा फुगा दिसला पाहिजे. आणि दुसरा डोळा उघडा ठेवून त्याने खाली एखाद्या ठिपक्याकडे बघत राहा, तो मिटलास की हाही मिटतो. मला प्लंजर जमायचा नाही, मी अंगठा आणि दोन बोटांच्या तिवईवर धरते. ज्याला जे जमेल ते.

काढताना मधोमध कधीच नाही! ती आतून घट्ट धरलेली असते, मधून ओढलीस तर डोळाच ओढला जातो. आधी एक-दोन थेंब सलाइन टाक, खालच्या पापणीने कडेला जरा दाब दे म्हणजे पकड सुटते, मग प्लंजर खालच्या कडेजवळ लाव आणि वरच्या बाजूला उचल, डबीचं झाकण उघडतो तसं. आणि बेसिनला बूच लाव गं आधी. मी एक घालवलीय.

अर्धोन्मीलित
काकूंना साष्टांग नमस्कार __/\__

मी केराटोकोनससाठी (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं तो आजार) वापरतो, पण सांगायचं वेगळंच. ज्या पेरॉक्साइडच्या द्रावणात लेन्स रात्रभर ठेवतात (किमान सहा तास, त्याच्याबरोबर आलेल्या खास डबीतच, त्यात पेरॉक्साइड निष्प्रभ होतं), ते सलाइन समजून मी एकदा थेट लेन्समध्ये भरून डोळ्याला लावलं. झोपेत होतो, दोन्ही बाटल्या शेजारी. जे काही झोंबलं ते शब्दांत सांगता येणार नाही, आणि लेन्स लगेच निघेनासुद्धा कारण डोळा उघडतच नव्हता. दोन दिवस डोळा झाकून बसलो. तेव्हापासून एक बाटली बाथरूममध्ये आणि दुसरी बेडरूममध्ये.

भिंगरी
हे फार जणांचं होतं, म्हणूनच त्या बाटल्यांचं टोक लाल करतात. आणि नळाचं पाणी? लेन्स भरायला नाही, धुवायला नाही, डबी विसळायलाही नाही, आणि लेन्सला हात लावण्याआधी हात धुतले की कोरडे पुसा. नळाच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो, तो बुबुळात शिरला की महिनोन् महिने उपचार आणि भयंकर दुखणं. तो लेन्सखाली तळ्यात अडकला तर बारा तास बुबुळाशीच राहणार, विचार करा. भरायला प्रिझर्वेटिव्ह नसलेलं सलाइनच, शक्यतो एकदा फोडून टाकून द्यायच्या कुप्या. उरलेलं दुपारसाठी ठेवते असं नको.

प्रिझर्वेटिव्ह का नको हेही सांगते कारण ते कोणी समजावत नाही. साधा ड्रॉप टाकला तर तो काही मिनिटांत वाहून जातो. लेन्समध्ये भरलेलं द्रव दिवसभर तिथेच राहतं, बाहेरचे अश्रू आत फारसे येत नाहीत, आतलं बाहेर जात नाही. जे प्रिझर्वेटिव्ह थेंबात चालून जातं ते तळ्यात बुबुळाला जाळतं.

निद्रिस्त_ज्वालामुखी
मी सगळं वाचलं आणि थोडं वाईट वाटलं, कारण मला उपयोग झाला नाही आणि का झाला नाही ते इथे कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. लेझरने नंबर काढला, त्यानंतर डोळ्यांची आग सुरू झाली. सगळे ड्राय आय म्हणत होते. स्क्लेरल ट्रायल केली, बुबुळ पूर्ण पाण्यात, तरी आग तशीच. मग एका डॉक्टरांनी भूल देणारा थेंब टाकून बघितला, बुबुळ बधिर झालं तरी आग जाईना. तेव्हा ते म्हणाले की ऑपरेशनमध्ये कापल्या गेलेल्या नसा परत वाढताना बिघडल्यात, दुखणं आता बुबुळावरचं राहिलेलं नाही, नसांमधलं आणि त्याच्याही मागचं आहे. औषधं त्या दिशेची चालू केली, हळूहळू बरं वाटतंय. लेन्स घ्यायच्या आधी तो भुलीचा थेंब टाकून बघा म्हणायचंय एवढंच, मी उगाच आशा लावून बसलो होतो.

भिंगरी
अतिशय महत्त्वाचा प्रतिसाद. डोळ्यावर डाग जवळपास काहीच दिसत नाहीत आणि दुखणं मात्र प्रचंड, असं असेल तर हे तपासायलाच हवं. नसांच्या दुखण्यातही काहींना लेन्सने थोडा आराम पडतो, पण सगळ्यांना नाही. अजून एक गट म्हणजे बुबुळाच्या आतल्या थराच्या पेशी फार कमी उरलेले, उदाहरणार्थ जुनं बुबुळ-प्रत्यारोपण झालेले लोक. त्यांना कमी ऑक्सिजन झेपत नाही, त्यांच्याबाबतीत आम्हीही हात राखून असतो.

चष्मिष्ट
इथे भिंगरी ताईंनी झापल्यावर (चांगल्या शब्दांत) परत शेक सुरू केला, रोज १० मिनिटं, दोन महिने झाले. दुसरीकडे दाखवून कड बदलून घेतली. धुकं अजून येतं, पण अकराऐवजी साडेतीनला. एकदाच काढून भरावी लागते. डबीतून बाहेर आल्या म्हणायच्या.

रुक्षकन्या
(चार महिन्यांनी)
बऱ्याच जणांनी विपूत (विचारपूस) विचारलं म्हणून लिहितेय.

आता सकाळी चार-पाच मिनिटं लागतात. आडवा आरसा आणि हनुवटी छातीला, काकू, तुम्हाला दंडवत. डावी लेन्स तीनदा बदलली, तिसरी बसली. साधारण ११-१२ तास घालते. दुपारी एकदा काढते, धुकं येतं म्हणून नाही, लेन्सचा वरचा भाग कोरडा पडतो आणि पापणी अडखळते म्हणून. वरून ड्रॉप टाकला तरी चालतो असं सांगितलंय पण मला काढून परत भरणंच बरं वाटतं. फिलामेंट्स दोन तपासण्यांत दिसले नाहीत. ड्रॉप्स अर्ध्या तासावरून दिवसाला पाच-सहा वेळा.

जे गेलं नाही तेही सांगते. संध्याकाळी लेन्स काढल्यावरचा पहिला तास वाईट असतो, दिवसभर पाण्यात असलेल्या डोळ्याला हवा लागली की जास्तच झोंबतं, तेव्हा मी ड्रॉप टाकून दिवा बंद करून बसते आणि घरातले माझ्याशी बोलत नाहीत. सकाळचं चिकटणं आहेच, मलम घालून कमी झालंय. प्रवासात लेन्सचं सामान म्हणजे वेगळी पिशवी. सर्दी झाली, डोळा जरा लाल वाटला की त्या दिवशी चष्मा, दिवाभीत दादांच्या बाबांची गोष्ट विसरलेले नाही. आणि तोंड कोरडं पडतं त्याला अजून कोणी लेन्स काढलेली नाही.

पण वाचता येतंय हो. मागच्या आठवड्यात एका बैठकीत दोनशे पानं वाचली. नजरही चष्म्यापेक्षा साफ आहे, बुबुळावरचे खडबडीत चट्टे त्या पाण्याने भरून निघतात म्हणून म्हणे.

उंटावरचा_शहाणा
वा ताई, अभिनंदन. धाग्याच्या सुरुवातीला जे तारे तोडले होते ते संपादित करणार होतो, पण राहू देतो, माझ्यासारखे अजून येतील.

पापणकाठ
मी उशिरा आले. मला परवा लेन्सेस मिळणार आहेत, तेच निदान, तेच सगळं. धाकधूक होतेय. पहिल्या दिवशी किती तास घालू? आणि एकटी असताना निघालीच नाही तर?

रुक्षकन्या
मला पहिल्या दिवशी चार तास सांगितले होते, मग रोज एक-दोन तासांनी वाढव, तुझे डॉक्टर सांगतील ते खरं. निघाली नाही तर घाबरून ओरबाडत बसू नकोस, सलाइन टाक, पाच मिनिटं डोळे मिटून बस, मग खालच्या कडेने कर. ती डोळ्याच्या मागे वगैरे कुठे जाऊ शकत नाही, मागे जायला वाटच नसते. आणि तरीही नाहीच निघाली तर फिटिंगवालीला फोन कर, मी पहिल्या आठवड्यात दोनदा केला होता, दोन्ही वेळा फोन ठेवायच्या आत निघाली.

सुट्टीच्या दिवशी सुरू कर, ऑफिसला जायच्या घाईत नको. बाकी इथेच विचार, मी आहे. आणि बेसिनला बूच लाव, आधी बूच, मग लेन्सची डबी उघड.